ठराव नामंजूर



गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाची सभा भरली. सभा म्हणजे व्हिडिओ कॉल. मोठा बेंगळुरूहून, सूनबाई त्याच घरातल्या स्वयंपाकघरातून, धाकटी नाशिकहून आणि माझी पुतणी (जिला कुणी बोलावलं नव्हतं) ठाण्याहून. विषय एकच, आई-बाबा. अर्ध्या तासात एकमताने ठराव झाला, की आई-बाबांनी यापुढे एकट्याने प्रवास करायचा नाही. जायचंच असेल तर टूर कंपनीबरोबर जावं, नाहीतर मुलांपैकी कुणाला सुट्टी मिळेपर्यंत थांबावं.

आता 'एकट्याने' म्हणजे काय? आम्ही दोघं होतो की! पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यामुळे माझं लक्ष आधी शब्दाकडे जातं, त्याला इलाज नाही. सभेत मी बरंच बोललेसुद्धा. पण माझा आवाज बंद केलेला होता हे मला सभा संपल्यावर कळलं. म्हणून हे लेखी उत्तर. नातेवाईक मंडळींनी वाचावंच, आणि इतरांनी साक्षीदार म्हणून वाचावं.

आधी आमच्यावरचे आरोप. तीन आहेत, आणि तिन्ही खरे आहेत.

आरोप पहिला : आम्ही चुकीच्या गावाला गेलो.

जानेवारीत आम्हाला मुरूडला जायचं होतं. दापोलीजवळचं, हर्णैच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं मुरूड. माझी फार वर्षांची इच्छा होती. तिथे एका घरगुती निवासात खोलीही सांगून ठेवली होती. तिकिटं काढायचं काम यांनी हट्टानं आपल्याकडे घेतलं. एस.टी.त पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे "मी फुकट, तू हाफ" हे वाक्य यांनी आठवडाभर येईल त्याला ऐकवलं. स्वारगेटहून सकाळी निघालो. मला गाडीत बसलं की झोप लागते. जाग आली तेव्हा अलिबाग स्टँड होता. मी कंडक्टरला विचारलं, "दादा, दापोली किती वाजता येईल?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. "आजी, दापोली रत्नागिरी जिल्ह्यात. ही गाडी मुरूड-जंजिऱ्याची."

मी यांच्याकडे वळले. हे खिडकीबाहेर बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "समुद्र तिथेही आहे."

खोलीवाल्या बाईंना फोन केला. त्या आधी मनसोक्त हसल्या आणि मग म्हणाल्या, "काकू, असे चुकणारे तुम्ही पहिले नाही. सावकाश या. खोली तुमचीच आहे."

आरोप दुसरा : आमची शेवटची फेरीबोट चुकली.

एका मुरूडहून दुसऱ्या मुरूडला जायला परत पुण्याला यावं लागत नाही. किनारा धरून खाली उतरता येतं. हे आम्हाला मुरूड-जंजिऱ्याच्या चहावाल्यानं वर्तमानपत्राच्या कपट्यावर नकाशा काढून समजावलं. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, तिथून श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर. पुढे बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. ती फेरीबोटीनं ओलांडली की पलीकडे वेसवी आणि रत्नागिरी जिल्हा. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड. चुकलो नसतो तर हा रस्ता आम्हाला या जन्मात दिसला नसता.

जंजिऱ्याला आत जाण्याचं धाडस आम्ही केलं नाही. हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा, ते आता आपलं काम नव्हे एवढी अक्कल आम्हाला आहे, हे ठरावकर्त्यांनी नोंदवून घ्यावं. राजपुरीच्या किनाऱ्यावर बसून शिडाच्या होड्या किल्ल्याकडे जाताना बघितल्या आणि शेंगा खाल्ल्या. श्रीवर्धनला सुपाऱ्या वाळत घातलेलं एक अंगण दिसलं. मी सहज चौकशी केली, तर ती बाई निघाली निवृत्त शिक्षिका. मग काय विचारता! रोठा सुपारी म्हणजे काय, सोलतात कशी, पगारातला फरक मिळाला का, सगळं झालं. त्यात दीड तास गेला. हे बाहेर रस्त्यावर उभे राहून घड्याळाकडे बोट दाखवत होते. मी दुर्लक्ष केलं. म्हणजे गाव यांनी चुकवलं आणि बोट मी चुकवली. हिशेब बरोबर.

बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट निघून जरासाच वेळ झाला होता. समोर दिसत होती. यांनी छत्री उंच धरून जोरजोरात हलवली. बोटीवरच्या लोकांनीही प्रेमानं हात हलवले आणि बोट पलीकडे गेली.

त्या रात्री आम्ही धक्क्याजवळच्या एका घरात राहिलो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर सोलकढी. पैसे घेईनात, तेव्हा त्यांच्या नातीला पाढे विचारले आणि बरोबर आल्याबद्दल बक्षीस दिलं.

आरोप तिसरा : आमचा फोन चौदा तास लागला नाही.

याला माझ्याकडे विनोदी उत्तर नाही. घरात रेंज नव्हती. बाहेर येऊन, कुणाचा तरी फोन मागून एक निरोप देता आला असता. तो दिला नाही. मोठ्यानं मुरूडच्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की तीन दिवसांपासून वाट बघतोय, आले नाहीत. पोरगा रात्रभर जागा होता. आपण मुलं दहा मिनिटं उशिरा आली तर दारात उभ्या राहायचो, ते मी विसरले नाही. ही माझी चूक. यापुढे कुठेही असलो तरी संध्याकाळी सातला फोन होईल. हा ठराव मी स्वतःच मांडते आणि मंजूर करते.

पण एका चुकीची शिक्षा म्हणून सगळा प्रवासच बंद? शाळेतसुद्धा आम्ही असं करत नव्हतो. गणित चुकलं म्हणून कुणाची वही काढून घेतली नाही.

आता टूर कंपनीबद्दल. गेल्या वर्षी यांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून मुलांनी आम्हाला आठ दिवसांच्या केरळ सहलीवर पाठवलं. प्रेमानं पाठवलं, पैसे खर्च केले. कंपनीनंही काही कमी केलं नाही. गाडी गार, खोल्या स्वच्छ, हात धरून रस्ता ओलांडायला मुलगा. सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला प्रस्थान. आम्ही सेहेचाळीस जण आणि एक शिट्टी. पद्मनाभपुरमचा राजवाडा म्हणजे लाकडात काय काय करता येतं याचा धडा आहे. त्याला आम्हाला पंचवीस मिनिटं होती, त्यातली दहा सगळ्यांचा एकत्र फोटो काढण्यात गेली. कन्याकुमारीला सूर्य पाण्यात बुडाला आणि मागून आवाज आला, "चला चला, सूर्यास्त झाला!" जेवायला रोज थालीपीठ, वरणभात आणि दोनदा श्रीखंड-पुरी. शेवटी ठेकडीला आम्ही दोघं मागच्या दारानं निसटलो आणि कोपऱ्यावरच्या टपरीत पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची आमटी खाल्ली. परत आल्यावर बोलणी बसली. बहात्तराव्या वर्षी न सांगता वर्गाबाहेर गेल्याबद्दल!

गैरसमज नको. माझी नणंद दीर गेल्यापासून दर वर्षी अशा सहलीला जाते, तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या आहेत, आणि तिच्यासाठी ती सहल म्हणजे जीव की प्राण आहे. तिनं जरूर जावं. माझं भांडण सहलीशी नाही, सक्तीशी आहे. शिट्टी ज्याला हवी त्यानं ऐकावी.

आणि खरं सांगू? त्या आठ दिवसांत आमच्या दोघांत भांडण झालं नाही. कारण ठरवायचंच काही नव्हतं. घरीही तसंच असतं. यांचं वर्तमानपत्र वेगळं, माझं वेगळं. बोलायचं ते गोळ्या घेतल्या का आणि गॅस आला का. कोकणात मात्र आम्ही रोज भांडलो. कुठे उतरायचं, काय खायचं, पिशवी कुणी धरायची. आणि भांडून झाल्यावर धक्क्यावर बसून एका बशीत चहा ओतून प्यायलो. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आहेत. इतकं बोलणं किती वर्षांत झालं नव्हतं.

मोठा म्हणतो, "आई, तिथे काही झालं असतं तर?" प्रश्न रास्त आहे. पण दोन वर्षांपूर्वी माझा मनगटाचा हात मोडला तो आगरदांड्याला नाही, तर आपल्याच घरात, बाथरूमच्या दारात. जपायचं ते आम्ही जपतोच. रात्रीचा प्रवास नाही, पावसाळ्यात घाट नाही, गोळ्यांची यादी दोघांच्याही खिशात, मुलांचे नंबर कागदावर. याहून अधिक जपायचं म्हणजे खुर्चीत बसून राहायचं. त्यालाही धोका असतो, फक्त तो सावकाश येतो म्हणून कुणी सभा बोलावत नाही.

अखेर आम्ही खऱ्या मुरूडला पोचलो. बाईंनी ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. दुर्गादेवीच्या देवळात लाकडी खांबांशी बसलो होतो तेव्हा मला अण्णा कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'तला प्रसंग आठवला, मी तो वर्गात वाचून दाखवायचे. मुरूडचा हा पोरगा परीक्षेसाठी शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला आणि तिथे त्याला सांगण्यात आलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परत जा. सगळी पायपीट फुकट. पुढे १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. आणि हेच अण्णा १९२९ मध्ये, एकाहत्तरीला टेकलेले असताना, जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान करून परत आले, आणि थोड्याच दिवसांत आफ्रिकेला गेले. कशासाठी, तर महिला विद्यापीठासाठी. आमचं काम तेवढं थोर नाही, हे मला समजतं. पण त्यांना लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं आणि आम्हाला म्हातारे दिसता म्हणून थांबवताय. दोन्हीकडे पायात किती बळ आहे हे कुणी विचारलं नाही.

आता शेवटचं. हे लिहू की नको यावर दोन दिवस घालवले. यांना विचारलं, ते म्हणाले, "लिही."

"जायचंच तर आत्ताच कशाला, मी दिवाळीत रजा काढतो," असं मोठा म्हणतो. अरे, बाबांना काचबिंदू आहे. तुम्हाला 'डोळ्याचं थोडं आहे' एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, की जी दृष्टी गेली ती परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची. त्या तिकिटावर 'मुरूड'च्या पुढे काय लिहिलं होतं ते यांना नीट दिसलंच नव्हतं. अलिबागला माझ्या ते लक्षात आलं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. सावित्रीच्या खाडीवर सकाळी धुकं होतं. बोट मध्यावर आल्यावर पलीकडचे माड हळूहळू दिसायला लागले, तेव्हा हे कठड्याला धरून उभे होते आणि मला एकेक दाखवत होते. ते दिवाळीपर्यंत थांबवून ठेवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

तेव्हा ठराव नामंजूर. ज्यांना आमची काळजी वाटते त्यांनी बरोबर यावं, स्वागत आहे. पिशवी धरायला माणूस हवाच आहे. ज्यांना रजा नाही त्यांनी सातच्या फोनची वाट बघावी.

पुढचा बेत मालवणचा आहे. तिकिटं मी काढली आहेत. जिल्हा सिंधुदुर्ग. दोनदा तपासलं.