चंगाई कशाला म्हणावे?

कळमन्याच्या मिरची बाजारात नवखा माणूस शिरला की त्याला ठसका लागतोच. त्यामुळे आमच्याकडे कोणी खोकले तर फारसे कोणी मनावर घेत नाही. माझे वडील तेथे हमाल आहेत. त्यांच्याच टोळीतल्या एका काकांचा खोकला महिना उलटला तरी थांबेना, तेव्हा तपासणीत क्षयरोग निघाला. सहा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या. दोन महिन्यांत त्यांना बरे वाटू लागले. त्याच सुमारास एक चंगाई सभा झाली, काकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि त्यांनी गोळ्या सोडल्या.

"गोळ्या काऊन बंद केल्या भाऊ?" आईने विचारले.

"वहिनी, प्रार्थना झाली नं. आता गोळी खाल्ली तर विश्वास कमी पडला म्हनतील."

मित्रहो, आम्हीही ख्रिस्तीच. आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते आणि ती बंद व्हावी असे मी मुळीच म्हणत नाही. (परीक्षेच्या आदल्या रात्री तर मी जरा जास्तच वेळ करतो!) पण काकांचे ते उत्तर माझ्या मनातून जाईना. ज्याला पायऱ्या चढताना दम लागतो त्याच्या पाठीवर विश्वासाच्या परीक्षेचे आणखी एक पोते ठेवायचे, आणि तो बरा झाला नाही तर दोषही त्यालाच द्यायचा, ही कसली चंगाई?

मी शुभवर्तमान पुन्हा उघडले. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर येशूने त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. रोग गेला की नाही हे त्या काळी याजक पाहून ठरवीत. म्हणजे साक्षात प्रभूने बरे केलेल्या माणसालाही तपासणी चुकली नाही! आणि तो चांगला शोमरोनी? त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, पदरचे दोन दीनार दिले. त्या माणसाचा विश्वास किती, हे त्याने विचारलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडच्या दुष्काळी भागात गेले. नुसता दवाखाना थाटून ते बसले नाहीत. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणीही गाव घेत नसे, त्याच बाळंतपणे करू लागल्या. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जे चंगाई सभा घेतात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की त्याच व्यासपीठावरून 'औषध सोडू नका' हेही मोठ्याने सांगा. ध्वनिक्षेपक असतोच. आणि आपण शिकलेली मुले 'त्यांच्या श्रद्धेत कशाला पडा' म्हणून गप्प बसतो, तेही मला सभ्यतेचे वाटत नाही. काकांच्या वेळी मीही आठ दिवस गप्प होतो.

बोलली ती आई. तिला सहीपुरते लिहिता येते. ती काकांना दवाखान्यात घेऊन गेली, डॉक्टरांची बोलणीही तिनेच खाल्ली. थुंकी पुन्हा तपासली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता रोज ती त्यांच्या दारात जाते. काका आधी डोळे मिटतात, मग गोळी गिळतात. तोवर आई पाण्याचा पेला धरून उभी असते.