रात्री दहानंतरची जबाबदारी

उघड्यावरच्या संगीत कार्यक्रमाचा हिशेब आपल्या व्यवसायात आजही मंचापासून सुरू होतो. मंच किती बाय किती, ट्रस किती उंच, एलईडी वॉल कुठे, जनरेटर किती केव्हीएचे, हे सगळे आधी ठरते. पोस्टर झळकते, तिकिटे सुटतात. कार्यक्रमाला आठ-दहा दिवस उरले की कुणीतरी विचारतो, ‘गाड्या कुठे लावायच्या?’ मग शेजारच्या शेतकऱ्याशी बोलणे होते, जेसीबी लावून दोन बांध फोडले जातात आणि पार्किंगचा कापडी फलक टांगला जातो. तंबूंची जागा तर उरलेल्या जमिनीत बसवायची, अशीच रीत आहे. ही रीत या हंगामात मोडावी, एवढ्यासाठी हे संपादकीय.

समोर तारापूर-बोईसरचा पट्टा ठेवून लिहीत आहोत. केळवे, चिंचणी, बोर्डी हे किनारे मुंबईकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. बोर्डीच्या चिकू महोत्सवाने या भागाला उघड्यावरच्या मोठ्या गर्दीची ओळख करून दिली आहे. थंडीत इथे समुद्रकाठी तंबू, शेकोटी आणि गाणे यांना मागणी आहे, ती वाढणार आहे. आणि उघड्यावरच्या कार्यक्रमात जी जी अडचण येऊ शकते, ती प्रत्येक अडचण या पट्ट्यात आहे. इथे जमले ते कोकणात कुठेही जमेल.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, याचे कारण समजून घेतले पाहिजे. गावच्या जत्रेतला तमाशा पहाटेपर्यंत चाले आणि लोक पहिल्या एसटीने घरी जात. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात श्रोते रात्र जागवत आणि उजाडल्यावर उठत. रात्रभराची मैफल हीच मुक्कामाची सोय होती. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस बहुतेक सणांतच संपतात. नियम योग्यच आहे. गावातल्या आजाऱ्याला, परीक्षेच्या पोराला झोप मिळालीच पाहिजे. पण या नियमाने आपल्यावर एक नवे काम टाकले, ते आपण उचललेले नाही. दहाच्या ठोक्याला हजारो माणसे एकाच वेळी अंधारात उभी राहतात आणि सगळ्यांना एकाच रस्त्याने जायचे असते.

तारापुरात तो रस्ता कसा आहे? मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळायचे, बोईसर गाठायचे, तिथून औद्योगिक वसाहतीच्या कडेने किनाऱ्याकडे दहा-बारा किलोमीटर. या रस्त्यावर रसायनांचे टँकर, लोखंडाच्या कॉइल घेतलेले ट्रेलर, पाळीच्या कामगारांच्या बसेस आणि रिक्षा आधीच आहेत. लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत आली, हा मोठा आधार. पण रात्री विरारकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, आणि किनाऱ्यावरून बोईसर किंवा वाणगाव स्थानक गाठायला त्या वेळी वाहन मिळत नाही. म्हणून माणूस स्वतःची गाडी काढतो, आणि परतताना अर्धवट झोपेत महामार्गावर चढतो. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तो भर दुपारी. त्या महामार्गावर रात्री अकरानंतर दमलेल्या चालकांचा तांडा सोडणे आपल्याला पटते का? ज्याला रात्री राहायचे आहे त्याला सुरक्षित जागा आणि ज्याला जायचे आहे त्याला वेळेवर वाहन, या दोन्ही सोयी मिळून एकच काम होते. जितके लोक तंबूत झोपतील, तितक्या गाड्या त्या रात्री रस्त्यावर येणार नाहीत.

आता जमिनीकडे वळू. किनारा दिसला की संयोजकाला वाटते, केवढे मोठे मैदान! चिंचणीची पुळण ओहोटीला खरोखरच मैदानासारखी दिसते. ओली वाळू घट्ट लागते, चालकाला ती डांबरी रस्त्याइतकी भरवशाची वाटते. फसगत तिथेच होते. या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. पुळण सपाट असल्याने पाणी समोरून लाटेसारखे येत नाही. आधी मागच्या सखल पन्हळीत शिरते आणि गाडी व रस्ता यांच्या मधली वाळू भिजवून टाकते. चालक परत येतो तेव्हा गाडी कोरडीच असते. तो गिअर टाकतो, चाक जागच्या जागी फिरते, वाळू उपसली जाते, आणि गाडी बोनेटपर्यंत बसते. मग गावातला ट्रॅक्टर आणि जाड दोर.

यात आपल्या आवडीची एक चूक भर घालते. चांदण्यातली मैफल म्हणून पौर्णिमा निवडली जाते. पौर्णिमेला उधाण असते आणि भरती मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण होते. दहाला कार्यक्रम संपवून लोक गाड्यांकडे निघतात, नेमके तेव्हा पाणी चढत असते. तारीख पक्की करण्याआधी दांडी-उच्छेळीच्या एखाद्या मच्छीमाराला विचारा. तो तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगेल. आमचे मत स्पष्ट आहे: पुळणीवर एकही गाडी उतरू देऊ नये. थंडी हाच मासळी सुकवण्याचाही हंगाम आहे. बोंबलांच्या वलांडी उभ्या असतात, त्यांच्यामधून गाड्या घालणे म्हणजे एखाद्याच्या कारखान्यातून मिरवणूक नेणे. किनारा नियमन क्षेत्रातल्या तात्पुरत्या बांधकामाची परवानगी वेगळी काढावी लागते, हे वाचकांना माहीत आहेच. ती मिळाली म्हणून वाळू पार्किंगसाठी मोकळी झाली, असा अर्थ कोणी काढू नये.

खाजण आणि मिठागराकाठची जमीन वरून कोरडी, पपडी धरलेली दिसते. खाली चिखल असतो. तीही नको. उरते भातकापणीनंतरचे शेत आणि वरकस माळ. भातशेतात कापणीनंतर वाल लावतात. शेतकऱ्याला भाडे देताना त्या पिकाचे पैसे धरा, आणि फोडलेला बांध पावसाळ्यापूर्वी स्वखर्चाने बांधून द्या, तसे करारात लिहा. वरकसावर धोका गवताचा. डिसेंबरपर्यंत ते वाळून गुडघाभर उभे असते. बंगळुरूला येलहंका येथे एरो इंडियाच्या प्रदर्शनात २३ फेब्रुवारी २०१९ रोजी वाळलेल्या गवताच्या वाहनतळाला आग लागली आणि सुमारे तीनशे गाड्या जळाल्या. सुदैवाने माणसे वाचली. देशातल्या अत्यंत बंदोबस्ताच्या ठिकाणी जे झाले, ते बोईसरच्या माळावर व्हायला वेळ लागणार नाही. तापलेला सायलेन्सर पुरेसा असतो. गवत मुळापासून कापा आणि कापलेले उचलून न्या. नुसते आडवे पाडून ठेवले तर ते उभ्या गवताहून वाईट. दर पन्नास-साठ गाड्यांमागे मोकळा पट्टा सोडा आणि पाण्याचा एक टँकर वाहनतळातच उभा ठेवा. मंचामागे उभा असलेला टँकर गर्दीतून तिथे पोहोचत नाही.

आकडेमोड सोपी आहे, पण ती करावी लागते. येण्या-जाण्याची वाट धरून एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. एकरात कागदावर दीडशेच्या वर गाड्या बसतात. बांध, झाडे आणि मोकळे पट्टे वजा केले की शंभर-सव्वाशे. म्हणजे हजार गाड्यांना आठ ते दहा एकर. एवढ्या गाड्यांतून फार तर साडेतीन-चार हजार माणसे येतात. बाहेर पडण्याचा हिशेब याहून महत्त्वाचा. कच्च्या वाटेवरून एका मार्गिकेने शिस्तीत सोडल्या तरी तासाला चारशे-पाचशे गाड्याच सुटतात. हजार गाड्यांना एकच फाटक असेल तर शेवटचा माणूस मध्यरात्रीनंतर निघेल. म्हणून फाटकांची संख्या आधी ठरवा आणि तिकिटांची संख्या तिच्यावरून काढा.

वाहनतळावर शिट्टी आणि बॅटरी घेऊन उभा असलेला मुलगा बहुधा रोजंदारीवर आलेला असतो. त्याला दुपारी आत येणाऱ्या गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलेले असते. रात्री कुठून सोडायच्या ते कुणी सांगत नाही. दहा वाजता चारी बाजूंनी हॉर्न वाजू लागतात आणि तो बिचारा मधोमध उभा. त्याला उजेडी परावर्तक जाकीट द्या, वॉकीटॉकी द्या, नऊ वाजता जेवण द्या, आणि ‘मी म्हणेपर्यंत ही रांग हलणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार द्या. गावातल्याच पोरांना हे काम दिले तर त्यांना वाटा ठाऊक असतात. पार्किंगमधला उजेडही मंचाच्या जनरेटरवर ठेवू नका. कार्यक्रम संपल्यावर प्रकाशवाले आवराआवर सुरू करतात आणि अंधार नेमका गर्दी निघते तेव्हा पडतो.

तारापुरात आणखी एक विचार टाळता येत नाही. देशातला पहिला अणुऊर्जा प्रकल्प इथे १९६९ पासून चालू आहे आणि त्याच्या आसपासच्या क्षेत्रासाठी जिल्हा प्रशासनाचा आपत्कालीन आराखडा असतो. शेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तिथल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. लाखो लोक इथे राहतात, राबतात. पण बाहेरून आलेल्या माणसाला भोंग्याचा अर्थ माहीत नसतो आणि वाऱ्याची दिशाही कळत नाही. म्हणून इथे प्रत्येक गाडी बाहेर तोंड करून लागली पाहिजे, वाहनतळाला विरुद्ध दिशांना दोन वाटा हव्यात, आणि परवानगीच्या अर्जासोबत आपला नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे स्वतःहून द्यायला हवा.

तंबूंच्या जागेबाबत आपण अजून बरेच मागे आहोत. सुरूच्या बनातली सावली सगळ्यांना हवी असते, पण तिथे सुयांसारख्या वाळक्या पानांचा जाड थर असतो. ठिणगी पडली की तो पेटतो. तंबू बनाबाहेर, शेकोटी एकच आणि संयोजकाच्या ताब्यात, हा नियम कडक हवा. दोन तंबूंमध्ये दोर अडकणार नाहीत एवढे अंतर आणि दर काही ओळींनंतर रुग्णवाहिका जाईल एवढी वाट हवी. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या स्फिअर निकषांत माणशी रोज १५ लिटर पाणी आणि सुरुवातीच्या काळातही ५० माणसांमागे किमान एक शौचालय सांगितले आहे. स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला आपण आपद्ग्रस्ताहून कमी देतो, हे लाजिरवाणे आहे. स्त्रियांच्या शौचालयापर्यंतची वाट रात्रभर उजेडात आणि तिथे स्त्री कर्मचारी, एवढे केले तरी एकट्या मुली निर्धास्त मुक्काम करतील.

हे जमण्यासारखे आहे याचा पुरावा बाहेर शोधायला नको. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातले तंबू उच्च न्यायालयाच्या आदेशाने उठले तेव्हा दिंड्यांसाठी ६५ एकरांत आखलेले तळ, पाणी आणि शौचालये उभी राहिली. नाशिकच्या २०१५ च्या कुंभमेळ्यात खासगी गाड्या शहराबाहेरच्या बाह्य वाहनतळांवर थांबवून पुढे एसटीने भाविक नेले. आपल्या जिल्ह्यातच विवळवेढ्याची महालक्ष्मी यात्रा आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस, महामार्गाला लागून, हजारो आदिवासी कुटुंबे येतात. एसटी जादा गाड्या सोडते आणि गर्दी दिवसांवर विभागली जाते. संगीताच्या कार्यक्रमाला हीच पद्धत लावता येते. गाड्या महामार्गालगत किंवा बोईसरबाहेर थांबवायच्या आणि तिथून बस. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या आणि शाळांच्या बसेस सुट्टीच्या दिवशी उभ्या असतात. त्यांच्या ठेकेदारांशी बोला. जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या कोल्डप्ले कार्यक्रमांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या. त्या याच मार्गाने गेल्या. रात्री साडेअकराची एक विशेष लोकल मागायला काय हरकत आहे? लेखी मागणी दोन-तीन महिने आधी, अपेक्षित प्रवाशांच्या आकड्यासह गेली पाहिजे, एवढेच.

खर्चाचा मुद्दा येणारच. वाहनतळ, बस आणि तंबूंची जागा यांचा खर्च तिकिटातच धरावा आणि तिकिटावर तसे छापावे. पार्किंगचे पैसे फाटकावर सुटे घेण्याने रांग लागते, ती महामार्गापर्यंत जाते. आणि जमीन साथ देत नसेल तर ‘येऊ नका’ म्हणण्याचे धैर्य हवे. जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाने २०२३ साली पावसाने शेते चिखल झाल्यावर हजारो तिकीटधारकांना घरीच थांबायला सांगितले आणि पैसे परत केले. नुकसान झाले, पण महोत्सव पुढच्या वर्षी भरला.

संयोजकांना, मंडप कंत्राटदारांना आणि ध्वनि-प्रकाशवाल्यांना आमची विनंती आहे. या हंगामात कोटेशन मागायला कोणी आले की आधी वाहनतळाचा आणि मुक्कामाचा नकाशा मागा. तो नसेल तर मंचाचा दर सांगू नका. ज्यांनी असे नकाशे केले आहेत त्यांनी ते एकरांच्या, फाटकांच्या आणि शेवटची गाडी किती वाजता सुटली त्या नोंदीसह आमच्याकडे पाठवावेत. बसलेले आणि फसलेले, दोन्ही प्रकारचे नकाशे मार्चच्या अंकात छापू.