दाराची बाजू मिस्त्रीवर सोडू नका



स्वयंपाकघराचं काम काढलं की सनमायकाच्या रंगावर आपण चार-चार दिवस घालवतो. कपाटाचं एकेरी दार कुठल्या बाजूला उघडावं, हे मात्र मिस्त्री ठरवतो. मला हे पटत नाही. बिजागरी खिडकीच्या बाजूला आली की उघडलेलं दारच उजेड अडवतं. आमच्या पोलादपुरात चातुर्मासात भरदुपारीही अंधारून येतं, फळ्यांना बुरशी धरते. डब्यामागचं जाळं, मुंगी दिसलीच नाही तर जयणा पाळायची कशी?

बरं, ठरवलेली बाजू कायमची थोडीच असते! फ्रिज हलतो, शेगडी सरकते, घरात डावखुरी सून येते. म्हणून दार उलटवता येईल असंच करून घ्यावं. कप बिजागरीसाठी दाराला आतून 35 मिमीचं भोक पाडतात. वरचं भोक वरच्या कडेपासून जितकं, तितकंच खालचं खालच्या कडेपासून हवं. मूठ उंचीच्या बरोबर मध्यावर. मग दार सोडवून खालचं टोक वर केलं की झालं, बिजागरी पलीकडच्या बाजूला! शेजारच्या कपाटाशी फळी सामाईक असेल, तर तिथे वेगळ्या वाकाची बिजागरी लागते, एवढं विचारून घ्या. फुलापानांच्या नक्षीचं दार यात बसत नाही. फुलं उलटी दिसतील.

मिस्त्री म्हणेल, "ताई, एवढं कोण करतं?" भोकं तर तो पाडणारच आहे, फक्त मोजून पाडायची. बाजू बदलल्यावर स्क्रूची जुनी भोकं मात्र लगेच बुजवा, पावसाळ्यात प्लायवूड तिथूनच फुगतं.