रिकाम्या खोलीचा भाव

रात्री साडेआठनंतर पिशवी घेऊन मंडईत जाणारी काही धोरणी माणसे असतात. सकाळी तीस रुपयांना एक असलेली मेथीची जुडी त्या वेळी तिसाला तीन मिळते. घरी ती निवडताना निम्मी पाने फेकावी लागतात आणि गृहिणीला जे बोलायचे ते ती बोलतेच. पण तो प्रश्न वेगळा. भाजीवालीचा हिशेब मात्र चोख असतो. उरलेली मेथी घरी नेऊन तिला काय करायची आहे? शिवाय तिची आणखी एक खुबी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रात्रीचा उतरलेला भाव ती सकाळच्या गिऱ्हाइकाच्या कानावर जाऊ देत नाही. सकाळी टोपली भरली, की पुन्हा तिसाला एक.

हॉटेलातल्या खोलीची गत मेथीहून बिकट. मेथीवर पाण्याचा हबका मारून ती दुसऱ्या दिवशी ताजी म्हणून खपवता तरी येते. सोमवारची रिकामी गेलेली रात्र मंगळवारी विकता येत नाही. नाटकाचा पडदा वर गेल्यावर रिकाम्या खुर्चीची जी किंमत उरते, तीच तिची. म्हणून मुंबईतले मोठे हॉटेल असो की कोकणातले घरगुती लॉज असो, दिवेलागणीची वेळ झाली की मालकाच्या मनातली भाजीवाली जागी होते. मिळेल त्या भावात देऊन टाकावी खोली! अडचण एवढीच, की हॉटेलचा भाव पाटीवर लिहिलेला असतो. ती पाटी रात्री पुसून सकाळी पुन्हा लिहिली, तर सकाळी येणाऱ्याला कळल्यावाचून कसे राहील?

ह्या अडचणीवर अमेरिकेत एक मौजेचा तोडगा निघाला. प्राइसलाइन नावाच्या कंपनीने १९९८ साली ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ अशी योजना काढली. गिऱ्हाइकाने शहर सांगायचे, शहरातला भाग सांगायचा, किती ताऱ्यांचे हॉटेल हवे ते सांगायचे, आणि आपण किती डॉलर देऊ तो आकडाही आपणच सांगायचा. सोबत कार्डाचा नंबर. एखाद्या हॉटेलवाल्याला आकडा पटला की पैसे कापून घेतले जात. परत मिळण्याची सोय नाही. आणि हॉटेलचे नाव? ते पैसे कापल्यावर! ‘स्टार ट्रेक’ मालिकेत कॅप्टन कर्क झालेले विल्यम शॅटनर ह्या कंपनीच्या जाहिराती करीत. पुढे २००० साली हॉटवायर नावाची दुसरी कंपनी निघाली. तिने भाव आधी दाखवला, पण नाव झाकूनच ठेवले. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला घाम फुटेल. लग्नाचा हॉल ठरवतानासुद्धा आपण नळाला पाणी येते की नाही ते स्वतः सोडून पाहतो.

पण ह्या झाकपाकीत मोठे शहाणपण होते. प्रवासी दोन जातींचे असतात. एकाला तेच हॉटेल, तोच मजला आणि शक्यतर तीच खिडकी हवी असते. चार पैसे जास्त पडले तरी तो कुरकुरत देतो. दुसऱ्याला डोक्यावर छप्पर आणि अंगाखाली गादी मिळाली की पुरे. नाव झाकल्यामुळे स्वस्त खोली फक्त ह्या दुसऱ्याच्या हाती जाते. पहिला तिच्याकडे फिरकत नाही, आणि हॉटेलच्या नावापुढे उतरलेला आकडाही कोणाला दिसत नाही. रात्रीचा भाव सकाळच्या गिऱ्हाइकापासून लपवायचा, ही भाजीवालीचीच युक्ती. फक्त तिला मशीन जोडले.

आपल्याकडे मोबाईलवर बुकिंगचा बाजार भरला तो मात्र उघड्यावर. नाव मोठ्या अक्षरात, जुना भाव आडवी रेघ मारून, आणि शेजारी लाल रंगात नवा भाव. ह्याने लहान माणसाचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

दिवेआगरला माझी मावसबहीण असते. पोफळीच्या वाडीत नऊ खोल्यांचे लॉज ती आणि तिच्या सासूबाई चालवतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाडीतली निम्मी झाडे आडवी झाली आणि पाच खोल्यांचे पत्रे उडाले. टाळेबंदीने धंदा आधीच बसला होता. कर्ज काढून छप्पर घातले. आता कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला ठरलेला, आणि पाहुणे यायचे ते शनिवार-रविवारी. सोमवार ते गुरुवार नऊच्या नऊ खोल्यांना कुलूप. अशात एका बुकिंग कंपनीचा तरुण गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून आला. मी तेव्हा तिथेच पडवीत बसलो होतो.

“ताई, खोली बंद ठेवून तुम्हाला मिळतं काय? शून्य. मग आम्ही जे मिळवून देऊ तो नफाच की!”

वाक्य ऐकायला बिनतोड होते. सासूबाई सुपाऱ्या सोलत होत्या, मान वर न करता त्यांनी विचारले, “आणि शनिवारी रे?”

“शनिवारीपण चालूच ठेवायचं, आजी. त्यानं यादीत नाव वर राहतं.”

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पण सुपारी जरा जोरात सोलली गेली.

आता हा हिशेब मांडून पाहू. खोलीचा भाव दोन हजार. ॲपवर चाळीस टक्के सूट, म्हणजे बाराशे. त्यातून कंपनीची अडत पाचवा हिस्सा धरली तर दोनशे चाळीस गेले. उरले नऊशे साठ. चादरी धुणे, साबण, गीझरची वीज, झाडणारीची मजुरी, सकाळचा चहा ह्यांचे साडेतीनशे वजा करा. हातात राहिले सहाशे दहा. कुलूप लावलेल्या खोलीपेक्षा सहाशे दहा केव्हाही बरे, इथपर्यंत तो तरुण खरे बोलत होता.

परंतु जो पाहुणा एरवी फोन करून दोन हजार देऊन आलाच असता, तोच ॲपवरून आला तर? खर्च दोन्हीकडे तोच. मात्र दोन हजारांऐवजी हाती आले नऊशे साठ. म्हणजे एक हजार चाळीस रुपये गेले. तीन नव्या पाहुण्यांनी अठराशे तीस मिळवून द्यायचे, आणि दोन जुने पाहुणे त्या दाराने आले की दोन हजार ऐंशी जायचे. पाच खोल्या भरल्या, माणसे राबली, आणि वर अडीचशे रुपयांची खोट! ‘जे मिळेल तो नफाच’ हे खरे ठरते ते आलेला पाहुणा नवा असेल तरच. तो नवा की जुना हे त्या तरुणाने पाहण्याचे कारण नव्हते. त्याची अडत दोघांवरही सारखीच.

पैशांची खोट एक वेळ भरून काढता येते. त्या दिवाळीत पुण्याचे एक कुटुंब नेहमीप्रमाणे आले. सहा वर्षांचा परिपाठ. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गाडी दारात. येताना सासूबाईंसाठी चितळ्यांची बाकरवडी, जाताना त्यांच्या डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या. ह्या वेळी जाताना यजमानांनी मुकाट्याने पैसे मोजले, पण बाईंनी मोबाईल पुढे धरला. “ह्यात तर बाराशे दिसताहेत हो. आम्ही आपले दोन हजार देत आलो. ओळखीची माणसं म्हणून का?” त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच अधिक लागले. मावसबहिणीने चारशे रुपये परत करू पाहिले, त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या दिवाळीला ते कुटुंब आले नाही. कदाचित मुलाची परीक्षा असेल, कदाचित गोव्याला गेले असतील. पण ती अजून त्या चारशे रुपयांचा विषय काढते.

“अण्णा, आपणही नाव झाकून विकली तर खोली?” तिने मला फोनवर विचारले. अमेरिकेची गोष्ट मीच तिला सांगितली होती.

नाव झाकायला आधी गर्दी लागते. पुणे स्टेशनच्या आसपास किंवा दादरला एकासारखी एक अशी कितीतरी लॉजे आहेत. तिथे ‘स्टेशनजवळ स्वच्छ खोली’ म्हटले तर त्यातले कोणते, हे ओळखता येत नाही. दिवेआगरात ‘नऊ खोल्या, अंगणात विहीर, घरगुती जेवण’ एवढे लिहा, की बस-थांब्यावरचा रिक्षावाला पत्ता सांगेल. शिवाय तिथे जातो कोण? आजीला, तान्ह्या मुलाला आणि फिरकीच्या तांब्याला सोबत घेऊन निघालेला कुटुंबवत्सल माणूस. संडास देशी की विदेशी, हे विचारल्याशिवाय तो घर सोडत नाही. तो कसला बंद पाकिटातले हॉटेल घेतो!

तेव्हा नाव झाकता येत नसेल तर भाव झाकावा, असे आमचे ठरले. उपाय खानावळीतच होता. सोमवार ते गुरुवारात दोन रात्री, दोन माणसे, चार वेळचे जेवण, सकाळचे पोहे आणि एकदा उकडीचे मोदक: सगळे मिळून पाच हजार. सुटे घेतले तर खोलीचे चार हजार, अडीचशेच्या आठ थाळ्यांचे दोन हजार, असे सहा हजार होतात. म्हणजे सूट हजाराची आहे. पण ती खोलीवर की थाळीवर, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. पाटीवरचे दोन हजार जागच्या जागी. दोन दिवसांच्या खोलीखर्चाचे सातशे आणि शिध्याचे हजार वजा जाता तेहतीसशे उरतात. ॲपवरचा पाहुणा दोन दिवस तिथेच जेवला असे धरले तरी बावीसशे वीसच्या वर काही जात नाही.

ॲप तिने सोडलेले नाही, आणि सोडू नये असेच मीही म्हटले. ठाण्या-नाशकाच्या ज्या माणसाने ह्या वाडीचे नाव कधी ऐकले नाही त्याला ते कळणार कसे? मात्र तिथे आता नवापैकी चारच खोल्या असतात, त्याही जून ते सप्टेंबर, सोमवार ते गुरुवार. सूट किती ते ती स्वतः ठरवते, आणि खर्च व अडत भागून पाचशे रुपये उरणार नसतील तर खोलीला कुलूप पसंत करते. कंपनीकडून मधूनमधून ‘महासेल’मध्ये सामील होण्याचे आमंत्रण येते. ते वाचून दाखवायचे काम सासूबाईंकडे आहे आणि उत्तर द्यायचेही.

एक काटा मात्र बरेच दिवस होता. बुकिंग कंपन्यांच्या करारात असे कलम असे, की आमच्याकडे दाखवता त्याहून स्वस्त भाव तुम्ही दुसरीकडे द्यायचा नाही. म्हणजे घर तुमचे, खोली तुमची, आणि अडत वाचली म्हणून पाहुण्याला शंभर रुपये कमी करायचे तर परवानगी दलालाची! फ्रान्सने २०१५ सालीच कायदा करून अशी कलमे रद्द ठरवली. आपल्याकडे हॉटेलवाल्यांच्या महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावला. भावाच्या सक्तीची कलमे मेकमायट्रिपने करारातून काढावीत असा आदेशही दिला. दोघांचे परस्परांत ठरून फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो ह्या प्रतिस्पर्ध्यांना यादीतून बाहेर ठेवले गेले, हाही त्यातला एक मुद्दा होता. प्रकरण अपिलात गेले, आणि दंडाचे आकडे ऐकून नऊ खोल्यांच्या मालकिणीला काही मिळत नाही. तरीपण करार वाचून मग सही करावी, एवढे त्या निकालाने अनेकांना सुचले.

आता थोडे आपल्या बाजूचे. ॲपवर खोली पाहावी, फोटो पाहावेत, लोकांनी काय लिहिले आहे तेही वाचावे. मग लॉजचा नंबर शोधून सरळ फोन करावा आणि ‘तिथे इतके दिसते आहे, तुमचा भाव काय?’ असे विचारावे. ह्यात घासाघीस नाही की लाजण्याचे कारण नाही. मधले दोनशे चाळीस रुपये कोणाकडे राहावेत एवढाच प्रश्न असतो आणि त्यातले निम्मे बहुधा आपल्या ताटात मोदक होऊन येतात. फोनवर माणूस भेटला की आजीसाठी तळमजल्याची खोली आणि बाळासाठी कोमट पाणी, दोन्हींचे ठरवता येते. लाल आकड्यापुढे ती सोय नसते.

ह्या वर्षी वसुबारसेपासून पुढचे दहा दिवस तिने ॲपवरच्या सगळ्या खोल्या बंद करून ठेवल्या आहेत. फोन सासूबाई घेतात. खोल्या भरल्या आहेत हे त्या पहिल्याच वाक्यात सांगतात, आणि पलीकडचा माणूस फोन ठेवण्याच्या आत विचारतात, “जेवायला किती माणसं धरू?”