जुनी स्टेशन वॅगन घेताय? आधी मागचं दार उघडा

रोजच्या वापराला जुनी स्टेशन वॅगन घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर खुशाल घ्या. पण गाडी बघायची ती मागून पुढे बघा. आपण सगळे उलटं करतो. बॉनेट उघडतो, इंजिनचा आवाज ऐकतो, एसी लावून बघतो आणि खूश होतो. इंजिन दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे. या गाडीची मागची काच फुटली तर ती कुठून आणायची, हा प्रश्न मात्र भल्याभल्यांना रडवतो.

आपल्याकडे ही जात कधी फारशी खपलीच नाही. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, आणि २००४ मध्ये टाटांची इंडिगो मरिना. एकेक करून सगळ्या बंद पडल्या. लोकांना डिकी वेगळी दिसणारी गाडी हवी होती; मागे सपाट छप्पर असलं की ती धंद्याची गाडी वाटायची. त्यामुळे आज या गाड्यांना गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. तुम्हाला ती स्वस्त मिळतेय आणि तिचे भाग मिळत नाहीत, या दोन्हींचं कारण एकच आहे.

मग घ्यावी कोणी? ज्याची माणसं पाचाच्या आत आणि सामान लांब, त्याने. तबला-पेटी घेऊन कार्यक्रमांना जाणारा, रोपवाटिका चालवणारा, लग्नाचे फोटो काढणारा, घरात व्हीलचेअर असलेला. मागचं सीट पाडलं की सरळ सपाट जागा मिळते आणि सामान छातीपर्यंत उचलावं लागत नाही. चालवायला ती सेडानसारखीच, वळणावर उंच गाडीसारखी कलत नाही. घरात सात माणसं असतील तर मात्र या वाटेला जाऊ नका. मुलांना घेऊन रोज हायवेने जायचं असेल तरीही दोनदा विचार करा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना एअरबॅग नाहीत.

कोणती घ्यायची, याचं उत्तर तिच्या भावंडांकडे बघून द्यायचं. इंडिगो मरिनाचा पुढचा अर्धा भाग म्हणजे इंडिगो, आणि त्यातला बराचसा इंडिका. इंडिका लाखांनी रस्त्यावर आली, टॅक्सीत राबली. तिचे क्लच प्लेट, ब्रेक, बुश, लिंक रॉड स्पेअरच्या साध्या दुकानातही मिळून जातात. ऑक्टाव्हिया कॉम्बीचं इंजिन नि गिअरबॉक्स सेडानचेच, फक्त भागांचे भाव ऐकून बसायला खुर्ची लागते. कोर्सा स्विंग दिसायला देखणी, पण ओपेलचं नाव भारतातून २००६ मध्ये गेलं आणि जनरल मोटर्सने इथली विक्री २०१७ मध्ये थांबवली. अशी गाडी हौसेला ठेवा, रोज ऑफिसला नेऊ नका.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं सांगतो. जाण्याआधी फोनवर म्हणा, “दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी ‘तयार’ करून ठेवली आहे, हे समजून चाला. थंड असेल तर मागे जा.

मागचं दार उघडा आणि हात सोडा. दार हळूहळू खाली यायला लागलं तर गॅसचे रॉड गेलेत. हा छोटा खर्च. वरच्या बिजागरीजवळ रबरी नळी दिसेल. तिच्यातून मागच्या वायपरच्या, काच गरम करणाऱ्या तारांच्या आणि नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरी दारात जातात. दार रोज उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. म्हणून प्रत्येक गोष्ट चालू करून बघा. मग खालचं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात हात फिरवा. बोटाला ओल लागली, तांबूस चिखल लागला, तर दाराचं बीडिंग किंवा दिव्यांचं रबर पाणी सोडतंय. नुसती ओल असेल तर रबर बदलून भागतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा ठण् न वाजता भुसभुशीत वाजला, तर कोपऱ्यापासून मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या बैठकीपर्यंत गंज कुठवर पोचलाय ते बघा. बैठकच खाल्ली गेली असेल तर हात जोडा आणि निघा. कोकणातली, गोव्यातली, समुद्राजवळची गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट वेळ देऊन करा.

मागच्या दिव्यांच्या काचा, बाजूच्या लांब काचा, दाराची काच यांवर तडा नाही ना, हे उजेडात बघा. गाडी सपाट जागेवर उभी करून दुरून बघा. मागून बसलेली दिसली तर स्प्रिंग ओझ्याने दबले आहेत. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर आधी स्वतःला विचारा, मग ही लांब गाडी घेतोय कशाला? तरीही घ्यायची असेल तर टाकीची नोंद आरसीवर हवी आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या टाकीच्या चाचणीचा दाखला हवा.

पुराची गाडी ओळखायला शिका. मुंबईत २६ जुलै २००५ ला, कोल्हापूर-सांगलीत २०१९ ला, चिपळूणला २०२१ ला हजारो गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की पुढचं काही ऐकायचं नाही. सीटखालच्या रुळांवर गंज असेल तरी तेच.

एवढं झाल्यावर इंजिन. सेल्फ मारा आणि दुसऱ्याला मागे उभं करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नाही आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. डिझेलला थंडीत चालू व्हायला दोन-तीन झटके लागले तर हीटर प्लग बघायला सांगा. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडा. आत तेलकट तवंग नको.

कागदपत्रांत मराठी माणूस आळशी आणि एजंट हुशार, म्हणून हा भाग मन लावून वाचा. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच माणसाशी व्यवहार करा. चेसिस नंबर नि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गाडीवर कर्ज होतं का, ते आरसीवर असतं. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. ई-चलन किती थकलंय ते नंबर टाकून बघा आणि ती रक्कम भावातून वजा करा. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन ‘नंतर करू’ म्हणू नका. गाडी विकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं. तुमच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय येत नाही.

या गाड्यांचं वय पंधराच्या पुढे गेलेलं असणार. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये मोटारीसाठी ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ते दुप्पट केलं. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवलेली हवी. नूतनीकरण झालेली गाडी दहा-पंधरा हजार जास्त देऊन घेतलेली परवडते. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल कोणी दाखवली तर महाराष्ट्रातला कर आणि पासिंगचा खर्च मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा.

पैशांचा हिशोब असा करा. तुमच्याजवळ दीड लाख असतील तर गाडी नव्वद हजारांपर्यंतची बघा. उरलेले साठ हजार गाडीचेच आहेत, फक्त ते मालकाला द्यायचे नाहीत. घरी आणल्या आठवड्यात सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर बदला. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. ‘मागच्याच वर्षी बदललाय’ हे बिलाशिवाय खरं धरायचं नाही. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, असा टायर बदला.

त्याच पैशांतून दुर्मीळ भागांचा छोटा साठा करा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ इथे एक फेरी मारा. मागचा दिवा, दाराचं कुलूप, वायपरचा दांडा मिळाला तर आज गरज नसली तरी घेऊन ठेवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिन किंवा बुश लेथवर काढून देतील. काच लेथवर निघत नाही.

पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं त्यात मोठं योगदान आहे, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या नि सील त्यासाठी बनलेले नव्हते. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्या, फिल्टर लवकर बदला, पेट्रोल भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. लिटरला ताकद कमी असल्याने अॅव्हरेज थोडं पडणारच. त्यासाठी मिस्त्रीशी भांडू नका.

रोज चालवताना फार काही लागत नाही. सकाळी निघताना गाडीखाली डोकावा, थेंब आहेत का बघा. आठवड्यातून एकदा ऑइलची कांडी, कूलंटची खूण, टायरची हवा. काटा गरमवर गेला की ‘घर जवळच आहे’ म्हणू नका. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, झाकणाला हात लावू नका. पावसाळा संपला की खालून धुऊन घ्या, दाराच्या कडांची पाणी जाणारी भोकं मोकळी करा.

लांब जागा दिसली की हात सुटतो आणि माणूस गोदाम भरल्यासारखी गाडी भरतो. जड वस्तू खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा आणि पट्ट्याने बांधा. सीटच्या उंचीच्या वर सामान रचू नका. करकचून ब्रेक लागला तर मागची पेटी थेट मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येते. भरलेल्या गाडीत मागच्या टायरला दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली जास्तीची हवा भरा.

आणि मिस्त्री. तो गाडी घेण्याआधी शोधायचा असतो. त्याला विचारा, ही गाडी कधी खोलली आहे का? ‘सगळ्या सारख्याच असतात’ असं उत्तर आलं तर दुसऱ्याकडे जा. खोललेला मिस्त्री भेटला तर गाडी बघायला त्याला बरोबर न्या, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी न मागता द्या. गाडी अधूनमधून त्याच्याकडे उभी राहणारच, त्या दिवशी कामावर जायला स्कूटर, एसटी, लोकल असं काही हाताशी हवं. ते नसेल तर ही गाडी तुम्हाला परवडत नाही, मग ती फुकट मिळाली तरी.

एक आकडा आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. वर्षाचा दुरुस्तीचा खर्च त्याच्या पुढे गेला, किंवा गंज पायाच्या पत्र्यात शिरला, की नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी द्या, दाखला घ्या आणि आरटीओतून नोंदणी रद्द करून घ्या. तोवर मात्र गाडी झाकून ठेवू नका. रोज न्या, सामान भरा, राबवा. उभ्या गाडीची रबरं सुकतात, बॅटरी बसते, ब्रेक धरतात. चालती राहिली तरच ती पैसे वसूल करून देते.