टिंब चुकले तरी टूल तुटू नये

शिरोली एमआयडीसीत मी सीएनसी लेथवर काम शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीत प्रोग्रॅममध्ये ‘एक्स ५०’ लिहिले आणि ५० च्या पुढचे टिंब राहिले. आमच्या कंट्रोलने ते ५० मिलिमीटर न धरता ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर धरले. टूल थेट फिरत्या जॉबमध्ये घुसले. जॉब भंगारात गेला, माझा पगार कापला गेला. पुढे कित्येक दिवस मी कीपॅडला हात लावायला घाबरायचो.

आता मी वेबसाइट बनवतो. राहून राहून वाटते, ती चूक मशीनवर जाण्याआधीच कुठेतरी करता आली असती तर?

दोस्तांनो, आपली कितीतरी पोरं इथल्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये आहेत. ती जी-कोडचे व्हिडिओ बघतात. पण नुसते बघून पोहता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की जी-कोडचा मराठी धडा ज्या पानावर आहे, त्याच पानावर कोड एडिटर हवा. ‘जी ००’ आणि ‘जी ०१’ मधला फरक वाचला, की खाली लगेच लिहून बघायचे. टिंब राहिले तर त्या जागी लाल रेघ आणि मराठीत कारण.

व्हीएस कोडमधला मोनाको एडिटर मोफत मिळतो, पण तो मोबाइल ब्राउझरसाठी नाही. शिकाऊ पोराच्या हातात बहुधा मोबाइलच असतो. म्हणून मी कोडमिरर ६ घेईन. तो मोफत आहे, मोबाइलवर चालतो आणि चुका दाखवायची सोय त्यात आहे. टिंबाचा नियम मात्र आपणच जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा. तपासणी वाचणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये होते, त्यामुळे कोड चालवायला वेगळा सर्व्हर नको, लॉगिन नको.

कुणी म्हणेल, पडद्यावर शिकून मशीन चालते का? नाही चालत. मशीनवर सिंगल ब्लॉक लावून एकेक ओळ तपासावीच लागते. पण तिथे जाणारा पोरगा निदान भीत भीत जाणार नाही.

ज्यांना जावास्क्रिप्ट येते त्यांनी नियम लिहावेत, ज्यांना मशीन येते त्यांनी आपल्या चुका मोकळेपणाने सांगाव्यात. हे दोघे बहुतेक एकाच गल्लीत राहतात.