भंडारा जिल्ह्यात जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र उभारण्याबाबत निवेदन

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव,
जिल्हा नियोजन समिती, भंडारा

विषय : स्वयंसेवकांच्या वन्यजीव-बचावकार्यास पहिली स्वतंत्र वास्तू मिळावी, तिच्यासाठी जागा व निधी यांची तजवीज व्हावी, याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, या जिल्ह्यातील सर्पमित्र व बचावकार्यातील स्वयंसेवक, आपल्या सेवेशी सविनय सादर करतो ते असे :

कोका अभयारण्य, २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग आणि पवनीच्या अंगाचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, एवढी वनसंपदा ज्या जिल्ह्याच्या वाट्यास आली, त्याच जिल्ह्यात या रानांच्या मधोमध धानाची बांधी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, गोसेखुर्दचे कालवे आणि साकोलीवरून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पसरलेला असल्यामुळे, एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्या जनावरास मनुष्याचा मुलूख ओलांडल्यावाचून गत्यंतर उरत नाही. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले रानडुक्कर, कालव्याच्या सिमेंटच्या उतारावर खूर न टिकून दमलेले चितळ, वाहनाच्या धडकेने पाय मोडलेले कोल्हे, मासेमारीच्या जाळ्यात गुरफटलेला अजगर, यांची वर्दी गावकरी आम्हांस व वनखात्यास देतात. आणि वनकर्मचाऱ्यांच्या समवेत आम्ही तेथे धावून जातो. सुटकेचे काम येथवर निभावते. प्रश्न उभा राहतो तो सुटकेनंतरचा.

किरकोळ जखम असल्यास प्राणी तेथेच मोकळा करता येतो. परंतु ज्यास शस्त्रक्रियेची किंवा काही दिवसांच्या शुश्रूषेची गरज आहे, त्यास नागपूरच्या उपचार केंद्राकडे न्यावे लागते. भंडारा शहरापासून हे अंतर सुमारे ६० किलोमीटर, साकोलीहून सुमारे १०० किलोमीटर आणि लाखांदुराच्या टोकाहून त्याहूनही अधिक. आता हरणवर्गीय प्राण्यांचा स्वभावधर्म असा की, पकडले जाण्याच्या भयाने व धडपडीने त्यांचे स्नायू आतून निकामी होत जातात, आणि वरकरणी साधीशी दिसणारी दुखापत असतानाही ते प्रवासात वा त्यानंतरच्या काही दिवसांत दगावतात. अशा प्राण्यास अंधाऱ्या, निःशब्द खोलीत तासाभराच्या आत विसावा मिळणे हाच अर्धा उपचार होय. मातेविना सापडलेल्या पाडसाची गोष्ट याहून नाजूक. मनुष्याच्या सहवासात वाढले की त्याचे भय मोडते, आणि भय मोडलेला प्राणी रानात टिकत नाही. म्हणून स्वयंसेवकाच्या घरची पडवी, तेथे माया कितीही असो, त्या पाडसासाठी अपायकारकच ठरते.

शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राणी आपल्या ताब्यात ठेवण्याची खासगी व्यक्तीस मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि, ज्या प्राण्याचा ताबा कायद्याने शासनाकडे, त्याच्या रुग्णशय्येची जागा मात्र जिल्ह्यात कोठेच मुक्रर नाही, ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे. आम्हांस मालकी नको. कायमस्वरूपी प्राणिसंग्रहही नको. बरा झालेला प्राणी रानात परत जाईपर्यंत त्यास ठेवता येईल एवढे संक्रमण उपचार केंद्र वनखात्याच्या ताब्यात असावे, आणि श्रम आमचे असावेत, एवढीच आमची विनंती आहे. आजवर औषधे, पिंजरे व इंधन यांचा खर्च स्वयंसेवकांनी आपल्या खिशातून सोसला. वास्तूचा भार मात्र वर्गणीने पेलणारा नाही.

सबब आमच्या मागण्या येणेप्रमाणे :

१. महामार्गालगत, परंतु वर्दळीपासून दूर, अशी शासकीय जागा उपवनसंरक्षक, भंडारा यांच्या विचाराने निश्चित करावी.

२. जिल्हा वार्षिक योजनेत इमारत, शस्त्रक्रियागृह, विलगीकरण कक्ष व पक्ष्यांना पंख चालविता येतील असा मोठा पिंजरा यांसाठी तरतूद करावी.

३. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात वन्यजीव-संरक्षण व प्राणिकल्याण यांचा समावेश आहे. तरी वरठी व गडेगाव येथील कारखाने आणि तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणी यांच्या प्रतिनिधींची बैठक आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी.

४. नागरिकांच्या देणग्यांकरिता स्वतंत्र बँकखाते उघडून त्यावर वनखात्याच्या अधिकाऱ्याची संयुक्त सही असावी, आणि लेखापरीक्षित जमाखर्च दरसाल जाहीर व्हावा.

५. पशुसंवर्धन विभागातील एका पशुवैद्यकाची सेवा केंद्रास नियमित मिळावी, व त्यांस वन्यप्राण्यांच्या उपचाराचे विशेष शिक्षण द्यावे.

६. प्रशिक्षित स्वयंसेवकांस ओळखपत्र व अपघात विमा मिळावा. कारण नाग, मण्यार, घोणस हाताळणाऱ्याच्या पश्चात त्याचे कुटुंब उघड्यावर पडू नये.

यांपैकी पहिल्या दोन मागण्या एकदम मान्य होणे अवघड वाटल्यास, वनखात्याची एखादी विनावापर इमारत दुरुस्त करून तेथे तात्पुरता आरंभ करण्यास आम्ही राजी आहोत. दुरुस्तीचे अंगमेहनतीचे काम आम्ही विनामूल्य करू. याविषयी आपण उपवनसंरक्षक व जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी यांच्यासमवेत आम्हांस भेटीची वेळ द्यावी, आणि जिल्हा नियोजन समितीच्या येत्या सभेपुढे हा विषय ठेवावा, ही नम्र विनंती.

कळावे.

आपले विश्वासू,
भंडारा जिल्ह्यातील सर्पमित्र व वन्यजीव-बचाव स्वयंसेवक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : उपवनसंरक्षक, भंडारा वनविभाग, जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी, जिल्हा परिषद, भंडारा.